पूल भरला आहे

निनादचं दिवसकार्य उरकून मी कामावर परत आले, त्याच सकाळी मला तो पुलावर दिसला.

दिसला म्हणजे पडद्यावर. भुतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यांचा आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही, उगाच वेळ जातो. मी पूल तपासणारी इंजिनिअर आहे. धरणाच्या फुगवट्यापलीकडे वाघळी नावाचं गाव आहे आणि तिथे जायला एक लांबलचक झुलता पूल आहे, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. अलीकडच्या काठावर डांबरी रस्ता संपतो, तिथे माझी केबिन आणि मागे दोन खोल्यांचं सरकारी घर. पलीकडे गाव आणि गावाची शाळा. माझा नवरा निनाद त्या शाळेत शिकवायचा. सकाळी पुलावरून जायचा, संध्याकाळी पुलावरून यायचा. दसऱ्यानंतरच्या एका सकाळी गेला आणि फळ्यासमोर छाती धरून खाली बसला. त्याला परत आणलं ते लाँचमधून. म्हणजे पुलाला तो गेलेला ठाऊक होता, आलेला ठाऊक नव्हता.

पडद्याविषयी आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पूर्वी पुलाची तपासणी एकदाच व्हायची, डिझाइन करताना. सॉफ्टवेअर एकेका भागावर येणारा भार काढायचं, त्या भागाच्या ताकदीने भागायचं. उत्तर एकाच्या आत आलं तर चौकट हिरवी, बाहेर गेलं तर लाल. बरीचशी सूत्रं तयार असायची. पण प्रत्येक पुलाचं काहीतरी स्वतःचं खूळ असतं, ते कुठल्याच पुस्तकात नसतं. त्यासाठी इंजिनिअरने आपली सूत्रं लिहायची असत: जर वारा अमुकपेक्षा जास्त असेल, तर हे गणित, नाहीतर ते. पुढे काही पूल माणसांसकट कोसळले आणि कायदा बदलला. आता तेच सॉफ्टवेअर पुलावरच मुक्कामाला असतं आणि जन्मभर, क्षणोक्षणी तपासत राहतं. आमच्याकडच्या सॉफ्टवेअरचं नाव पारख. केबलमध्ये घातलेल्या काचेच्या तंतूंमधून तिला प्रत्येक पाऊल कळतं.

अडचण एकच. रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांचा एवढा गलका असतो की केबलमधली एखादी तार तुटली, तर ते त्यात बुडून जातं. म्हणून पारख आधी रोजची माणसं शिकून घेते. कोण कधी येतं, किती जड आहे, कुठे थांबतं, पावसात पळतं की भिजत जातं. नावं तिला कळत नाहीत, चाल कळते. मग प्रत्यक्ष भारातून ती हा अपेक्षित भार वजा करते. उरतो त्याला आम्ही फरक म्हणतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक अंगवळणी पडली की मोरीतला गळका नळ ऐकू येतो ना, तसं त्या फरकात पुलाचं दुखणं ऐकू येतं.

आता रोजचं माणूस आलंच नाही तर? अपेक्षा आहे, भार नाही, म्हणजे फरक उणे. पडद्यावर खरी माणसं भरीव ठिपक्यांनी दिसतात, आणि यायला हवी होती पण आली नाहीत, ती पोकळ ठिपक्यांनी.

त्या सकाळी एक पोकळ ठिपका आमच्या गेटपासून निघाला. उणे अडुसष्ट किलो. उजवा पाय किंचित ओढत. पुलाच्या मध्यावर तो थांबला, कारण निनाद तिथे उभा राहून माशांना चुरमुरे टाकायचा. एवढ्यात समोरून एक भरीव ठिपका आला, आमचे चौकीदार बबनराव संकपाळ. पोकळ ठिपका डाव्या कठड्याला सरकला, बबनरावांना जाऊ दिलं आणि मग पुढे चालू लागला. निनाद अगदी असंच करायचा. सगळ्या जगाला आधी वाट द्यायची त्याची खोड होती, त्यावरून मी त्याला आयुष्यभर टोचून बोलले होते.

मला भीती वाटली नाही. आधी राग आला, आणि त्याच्या पाठोपाठ इतका आनंद झाला की मी केबिनच्या दाराला आतून कडी घातली.

हे फार दिवस टिकणार नव्हतं, ते मला ठाऊक होतं. पारखमध्ये विसरण्याचं सूत्र असतं: जर ओळखीचं माणूस महिनाभर आलं नाही, तर त्याची अपेक्षा सोडून दे. योग्यच सूत्र आहे. महिना भरत आला तसा निनादचा ठिपका फिकट व्हायला लागला, आणि एका संध्याकाळी तो मध्यावर पोचण्याआधीच विरून गेला. मी सूत्र उघडलं. महिना खोडला आणि तिथे दहा वर्षं लिहिलं. चौकट हिरवी झाली. सूत्र लिहिणाऱ्याला कारण विचारण्याची सोय अजून कुणी केलेली नाही. दुसऱ्या दिवशी निनाद ठळक होऊन, वेळेवर, पाय ओढत शाळेला गेला.

पंधरवड्याने पुण्याहून मुजुमदार सरांचा फोन आला. हे माझे वरिष्ठ. माणूस चांगला, पण अहवालातली लाल चौकट पाहिली की त्यांचं पित्त खवळतं.

"ऋजुता, तुझ्या पुलावर उणे वजन कसं दिसतंय? उणे माणूस असतो का कधी? ऑडिटवाले मला वेड्यात काढतील."

"सर, ते वजन नाही. फरक आहे."

"असेल. तो शून्याच्या खाली जाऊ देऊ नकोस. एक जर-तर टाक आणि मोकळी हो."

मी टाकलं: जर(फरक < 0, 0, फरक). म्हणजे फरक शून्याखाली गेला तर शून्य धर, नाहीतर आहे तो धर. एवढंसं सूत्र. पण पारख पुलावरचा एकूण भार काढते तो अपेक्षित भार अधिक फरक असा. आधी निनादचे अडुसष्ट अधिक उणे अडुसष्ट मिळून शून्य व्हायचे. आता अडुसष्ट अधिक शून्य. म्हणजे जो माणूस नाही, त्याचं वजन आता पूल खरं धरणार. हे मी सरांना तेव्हाच सांगितलं.

"म्हणजे आहे त्यापेक्षा जास्तच भार धरणार ना? कमी नाही ना?"

"जास्त."

"मग सेफ साइडला आहे. राहू दे."

आमच्या धंद्याचं हे एक वैशिष्ट्य आहे. चूक सेफ साइडला असली की तिला चूक म्हणायची पद्धत नाही. एरवी मी मुजुमदारांशी चहातल्या साखरेवरूनही भांडते. त्या दिवशी "बरं सर" म्हणून फोन ठेवला.

गेटवर एक बोर्ड आहे, पुलावर आत्ता किती माणसं आहेत ते दाखवणारा. साठ झाली की दोन्हीकडची गेटं आपोआप बंद होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बबनराव केबिनच्या खिडकीशी आले.

"मॅडम, बोर्ड एक मानूस दावतोय. पुलावर तर कोन न्हाय."

मी काहीतरी तांत्रिक बोलून त्यांना वाटेला लावू शकले असते. पण कुणाला तरी सांगायची मला एवढी हौस आली होती की मी त्यांना आत बोलावलं आणि पडदा दाखवला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"गुरुजीच की वो," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वाघळीला कळलं होतं. वाटलं, आता लोक पुलावर यायला घाबरतील, नाहीतर नारळ फोडायला येतील. तसं काहीच झालं नाही. शाळा सुटायच्या वेळेला डोक्यावर भारे घेतलेल्या दोन बायका पुलावर होत्या, त्या मध्याशी आल्यावर कठड्याला लागून उभ्या राहिल्या. पुलावरून एकीचा आवाज आला, "थांब गं वाईच, गुरुजींची येळ झाली." पडद्यावर निनादचा ठिपकाही त्यांना वाट द्यायला बाजूला होऊन थांबला होता. दोन भरीव, एक पोकळ, तिघंही एकमेकांसाठी खोळंबलेली. मी हसले आणि हसता हसता रडले. मग ही रीतच पडून गेली. वाघळीची माणसं त्या वेळेला पुलाच्या मध्यावर थांबत, रिकाम्या फळ्यांना वाट देत आणि मग पुढे जात.

थंडी सुरू झाली तेव्हा बोर्डावरचा आकडा वाढू लागला. रिकाम्या पुलावर तीन. मग सात. पडद्यावर मला न ओळखू येणारे पोकळ ठिपके फिरत होते. मी खोदून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मी लिहिलेली दहा वर्षं एकट्या निनादपुरती नव्हती. सूत्र सगळ्यांना लागू होतं, आणि मागेही लागू होतं. पारख जुन्या नोंदी उकरून काढत होती आणि पूल उभा राहिल्यापासूनची, एकेकाळी पुलाच्या सवयीची असलेली माणसं पुन्हा शिकत होती.

मी बबनरावांना बोलावलं. त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही तीन पायांनी चाललीया बघा. काठी. ही पारूआत्या. पाच वर्सं झाली तिला जाऊन." मग दुसऱ्यावर. "ह्यो किसन सपकाळ. ह्यो जित्ता हाय, पर घनसोलीला. वरीस दोन वरीस झालं, गावाकडं फिरकला न्हाय."

"म्हणजे मेलेले आणि मुंबईला गेलेले..."

"पुलाला काय फरक पडतोय, मॅडम? आलं न्हाय ते न्हाय."

त्या दिवसापासून बबनराव दिवेलागणीनंतर पुलावर जाईनासे झाले. मला मात्र तेव्हाच सूत्र पूर्ववत करायला हवं होतं, हे कळत होतं. रोज ठरवायची, आणि रोज सकाळी निनाद शाळेला जाईपर्यंत थांबायची. तो गेला की वाटायचं, संध्याकाळी येऊ दे, मग बघू.

चैत्रात वाघळीची जत्रा असते. दरवर्षी मुंबईहून गाड्याच्या गाड्या भरून गावकरी यायचे आणि पूल सकाळपासून अंधार पडेपर्यंत भरलेला असायचा. यंदा घनसोलीच्या मंडळींनी तिकडेच देवीचं देऊळ बांधलं होतं. बबनराव म्हणाले, "देवीनं तिकडं शाखा काढली." जत्राही तिकडेच होणार होती. गावात उरली होती ती म्हातारी माणसं, चार-दोन धडधाकट गडी, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली सरपंचांची मुलगी, प्रणिता.

जत्रेच्या सकाळी मी उठून केबिनमध्ये आले तेव्हा पुलावर एक कावळासुद्धा नव्हता. गेट बंद होतं आणि बोर्डावर लाल अक्षरं होती: पूल भरला आहे. कृपया थांबा.

मी पडदा लावला. काठापासून काठापर्यंत पोकळ ठिपके. दाटीवाटीने, एकमेकांना खेटून, हळूहळू वाघळीकडे सरकत होते. एक उतरला की दुसरा चढत होता. मागच्या सगळ्या जत्रा एकाच पुलावर चालल्या होत्या. बाहेर ऊन पडलं होतं, वारा पडला होता आणि पूल जराही हलत नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. सरपंच होते. त्यांना धाप लागली होती.

"मॅडम, गेट सोडा. पोरीला रक्त जायला लागलंय. झोळीत घालून आनलीया हितवर, गेटच उघडंना."

रुग्णवाहिका त्यांनी आधीच बोलावली होती; मी ड्रायव्हरला फोन लावला, तो म्हणाला, घाट उतरलोय, आलोच. आमच्या काठाला रस्ता होता, त्यांच्या काठाला नव्हता. लाँचचा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि दोन्ही काठांना मांडीभर चिखल असतो. लाँच त्या चिखलात महिनाभर कलंडून पडली होती. पुलाची गेटं म्हणजे माणसाच्या डोक्यावरून जाणारे पोलादी पिंजरे, लोकांनी गर्दीत फोडू नयेत म्हणूनच तसे केलेले. कुलूप पारखच्याच ताब्यात, हाताने उघडायची किल्ली कुणाकडेच नाही. पलीकडे कुणीतरी पहारीचे घाव घालत होतं, त्याचा आवाज पाण्यावरून येत होता.

मी मुजुमदारांना फोन लावला.

"सूत्र बदल ना!" ते ओरडले. "काढून टाक ते जर-तर!"

"सूत्र बदललं की पारख मागचं सगळं नव्याने तपासते आणि मगच कुलूप सोडते. दहा वर्षांच्या नोंदी आहेत, सर. संध्याकाळ होईल."

"दुसरा काही मार्ग?"

"कोरं करणं. शिकलेलं सगळं पुसायचं. तपासायला काही उरलंच नाही की कुलूप लगेच सुटेल."

"मग कर की! वाट कसली बघतेस?"

वाट कसली बघत होते, हे त्यांना कसं सांगणार? एकट्या निनादला बाजूला काढून ठेवता आलं असतं तर ते मी केव्हाच केलं असतं. पण पारख माणसं वेगवेगळ्या खणांत ठेवत नाही. चहात विरघळलेल्या साखरेसारखी ती सगळी एकमेकांत मिसळलेली असतात. पुसायचं तर सगळं.

मी त्या गर्दीत त्याला शोधू लागले. जत्रेच्या दिवशी शाळेला सुट्टी असायची, तरी तो जत्रेला जायचाच. सापडायला वेळ लागला नाही. उजवा पाय ओढणारा अडुसष्ट किलोंचा ठिपका आमच्याच गेटजवळ होता. त्याच्या किंचित पुढे आणखी एक पोकळ ठिपका होता. चोपन्न किलो. भराभर चार पावलं टाकायचा, थांबायचा, मागच्याची वाट बघायचा, पुन्हा भराभर चालायचा.

मला हळू चालायला जमत नाही. दरवर्षी जत्रेला जाताना निनाद मागे पडायचा आणि मी थांबून त्याच्यावर करवादायची.

ती मी होते. मी केबिनमधल्या खुर्चीवर बसले होते, माझ्या हातातल्या फोनवर मुजुमदार अजून होते, आणि पुलाच्या हिशोबात मी निनादबरोबर जत्रेला निघाले होते. मी त्याच्यासाठी थांबत होते. तो येत होता. पुलाला आम्हा दोघांपैकी कोण जिवंत आहे ते माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, त्या घटकेला मलाही नीट माहीत नव्हतं. आयुष्यात कधी नाही एवढी मी तेव्हा घाबरले. नुसतं बसून राहिलं तर ती दोघं पलीकडे पोचतील, एवढंच मनात येत होतं.

पलीकडून पहारीचा आवाज थांबला, आणि मग एका बाईची किंकाळी ऐकू आली.

मी बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: पूल सर्वांना विसरेल. खात्री आहे? मी हो म्हणाले, तोंडाने म्हणाले आणि बोटानेही.

ठिपके विझले नाहीत, फिकट झाले नाहीत. एका क्षणी होते आणि पुढच्या क्षणी नुसता पुलाचा नकाशा होता. दोन्ही गेटं खाडकन सुटली.

माणसं झोळी घेऊन पुलावर आली. भरीव ठिपके, भरभर येणारे. मी पडदा सोडून बाहेर धावले. चौघं झोळीचा बांबू खांद्यावर घेऊन पळत होते, मागे सरपंच, बाजूला सुईण. पुलाच्या मध्यावर आले आणि थांबले. सवयीने डाव्या कठड्याला लागले, झोळी सावरून धरली आणि माना किंचित लववल्या. शाळेची वेळ झाली होती.

गेटवर गर्दीसाठी भोंगा लावलेला आहे. मी त्याचा माइक ओढून घेतला.

"थांबू नका! या पुढे!"

"मॅडम, गुरुजी..." पुढचा माणूस ओरडला.

"गुरुजी नाहीत तिथे!" माझा आवाज दोन्ही काठांवर आदळून परत आला. "गुरुजी वारले! कुणी नाही पुलावर! चला!"

वारले हा शब्द मी तोवर एकदाही उच्चारला नव्हता. लोक म्हणत, मी मान हलवत असे. झोळीवाले एकमेकांकडे बघत राहिले, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. मग पुढच्याने खांदा बदलला आणि ते धावत सुटले.

रुग्णवाहिका त्याच सुमाराला पोचली. दुपारी सरपंचांचा तालुक्याच्या दवाखान्यातून फोन आला. प्रणिताला रक्त चढवलं होतं, ती शुद्धीवर होती. मुलगी झाली होती, अशक्त होती, पण रडत होती. मी बरं म्हटलं आणि दोन्ही सूत्रं पूर्ववत लिहिली. मुजुमदारांना कळवलं. त्यांनी कधी नव्हे ते ऑडिटचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला मी पडद्यासमोर बसले नाही. बबनरावांना केबिनमध्ये बसवलं, वॉकीटॉकी खिशात टाकला आणि पुलावर गेले. निनाद गेल्यापासून मी पुलावर पाऊल ठेवलं नव्हतं. इतके दिवस पडद्यावर पूल बघत होते, त्यामुळे फळ्या पायाखाली एवढ्या हलतात हे विसरूनच गेले होते. हळू चालायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मध्यावर थांबून खाली पाहिलं, पाणी खूप खोल गेलं होतं.

खिशातून बबनरावांचा आवाज आला.

"मॅडम, ठिपका दिसतोय. भरीव हाय."

"एकच आहे?"

"व्हय."

"बबनराव, नीट बघा. माझ्या मागे, थोडा मागे... कडेला. पोकळ असेल."

वॉकीटॉकीत खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहत नव्हते.

"न्हाय, मॅडम," ते म्हणाले. "तुमी एकल्याच हाय."